चांदा प्रांतांतील कोतवाल-बुकें व आरोग्याच्या नोंदींचा विनियोग

चांदा शहराच्या पश्चिमेस, वर्धा नदीच्या अलीकडे, घुग्घुस हें गांव आहे. पुराणवस्तूंच्या अभ्यासकांस तें गॅझेटियरांतील एका वाक्यामुळें परिचित असतें. भांदक, विंझबासणी व देवाळा यांच्या पंक्तीस घुग्घुस येथील लेण्यांचा त्यांत उल्लेख आहे. भूस्तरशास्त्रज्ञांस तें दगडी कोळशामुळें ठाऊक आहे. थिओडोर ह्यूज यांनीं वर्धेच्या खोऱ्यांतील कोळशावर १८७७ सालीं जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यांत घुग्घुसचा थर येतो. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र लेणेंही नव्हे व कोळसाही नव्हे. या मुलखांतील गांवोगांवीं एकेकाळीं एक बुक असे व तें कोतवालाच्या काखेंत असे. त्या बुकाविषयीं, आणि त्यांत लिहिलेल्या मजकुराचा धनी कोण याविषयीं, येथें विचार कर्तव्य आहे.

विषय आतांच घेण्यास कारण आहे. जुन्या चावड्या पाडल्या जात आहेत, कचेऱ्यांचीं दप्तरें एका इमारतींतून दुसरींत हलविलीं जात आहेत, आणि रद्दीच्या गठ्ठ्यांतून एखादें बाड कोणाच्या तरी पोथ्यांच्या कपाटांत येऊन पडतें. संग्राहकास तें इतर बाडांसारखेंच एक बाड वाटतें. तें तसें नाहीं, असें प्रस्तुत लेखकास अनुभवानें वाटूं लागलें आहे.

नागपूरकर भोसल्यांचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें. १८६१ सालीं मध्यप्रांत बनला. १८६९ सालीं मेजर ल्यूसी स्मिथ यांनीं चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिला. जमिनीची मोजदाद झाल्यावर जन्मणाऱ्या-मरणाऱ्या माणसांची मोजदाद ओघानेंच आली, व तिची वर्दी ठाण्यांत देण्याचें काम कोतवालाकडे सोंपविण्यांत आलें. ठराविक दिवशीं तो आपलें बुक घेऊन ठाण्यांत जाई. तेथून आंकडे जिल्ह्यास, जिल्ह्याहून प्रांताच्या सॅनिटरी कमिशनरकडे जात, व वर्षअखेर त्यांचा छापील अहवाल निघे. वऱ्हाडांत हेंच काम पाटलाकडे असे. पण तो निराळा विषय आहे.

बुकांतील रकाने सामान्यतः असे: तारीख, मयताचें किंवा मुलाच्या बापाचें नांव, जात, लिंग, वय, मृत्यूचें कारण. जन्माच्या नोंदींत मुलाचें नांव पुष्कळदां नसतेंच. अमक्यास मुलगा झाला किंवा मुलगी झाली, एवढेंच. कारणाच्या रकान्यास ठरीव सदरें होतीं: पटकी, देवी, ताप, हगवण, इजा आणि इतर. पुढें प्लेग व श्वसनाचे विकार हीं सदरें वाढलीं. इजा या सदरांत आत्महत्या, सर्पदंश व वाघानें मारणें हींही येत. चांद्याच्या जंगलपट्टींत हें शेवटलें कारण केवळ कागदापुरतें नव्हतें.

बखरीहून समकालीन कागद अधिक विश्वासाचा, हा दंडक राजवाड्यांनीं आपणांस घालून दिला, व त्या दंडकानें पाहतां कोतवाल-बुक हें अव्वल साधन ठरावें. घटना घडल्यापासून कांहीं दिवसांतच तें लिहिलेलें असतें. लिहविणारा गांवचाच असतो. कोणाची स्तुति करण्याचें त्यास कारण नसतें. जन्ममृत्यूच्या तारखेपुरता हा विश्वास बहुतांशीं योग्यच आहे. पण कारणाच्या रकान्याची गोष्ट निराळी. तेथें ‘ताप’ हा शब्द पानामागून पान भरून असतो. हिंवतापाचा ताप, बाळंतपणांतला ताप, क्षयाचा ताप, आंत्रज्वराचा ताप, सारें एकाच सदरांत. त्या काळच्या खानेसुमारीच्या व आरोग्यखात्याच्या अधिकाऱ्यांनीं ही तक्रार वारंवार केलेली आहे, व तिचें खापर त्यांनीं कोतवालाच्या अज्ञानावर फोडलें आहे.

हें निदान अपुरें आहे. कोतवाल बहुधा निरक्षर असे हें खरें. त्याचें बुक पटवारी, शाळामास्तर किंवा ठाण्यांतील शिपाई भरून देई. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, नागपूर-चांद्याच्या मराठी मुलखांत हा कोतवाल बहुधा महार असे. ज्याला गांवांतील बहुतेक घरांचा उंबरठा ओलांडण्याची मोकळीक नव्हती, त्यानें त्या घरांत कोण कशानें मेलें हें लिहवून घ्यावयाचें होतें. तो अंगणाबाहेर उभा राहून विचारी, आंतून उत्तर येई, ‘ताप’. आंतल्यास खरें सांगण्याचें कांहीं प्रयोजन नव्हतें. सांगितल्यानें औषध येणार नव्हतें, वैद्य येणार नव्हता. आलाच तर शिपाई येणार. अशा स्थितींत ‘ताप’ हा शब्द रोगाचें नांव राहत नाहीं. तें दार लावून घेण्याचें एक सभ्य साधन होतें. १८९७ व १९०० या दुष्काळांनीं चांदा जिल्ह्याची वस्ती इतकी घटली कीं १८९१ च्या मानानें १९०१ च्या खानेसुमारींत ती सुमारें ६ लाखांवर आली; आणि त्या वर्षांच्या अहवालांत उपासमारीनें मेलेला माणूस शोधूं गेल्यास तोही बहुधा ताप व हगवण यांच्याच सदरांत सांपडावयाचा.

शिपाई येण्याची भीति अनाठायीं नव्हती. मुंबईस प्लेग सुरू झाल्यावर ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. पण त्याच्या बळावर पुण्यास घरांची झडती झाली, आजारी माणसें उचलून नेलीं गेलीं, आणि त्यांतून २२ जून १८९७ ची रँडवरील गोळी उद्भवली. तो इतिहास सर्वविश्रुत आहे. आपल्या विषयापुरता त्यांतील मुद्दा इतकाच कीं, आजाराची माहिती जेथें शिक्षेचें दार उघडते तेथें लोक आजारी माणूस लपवितात, मग प्रेत लपवितात, व शेवटीं आंकडाच खोटा होतो. हाच कायदा १२३ वर्षांनीं, मार्च २०२० मध्यें, करोनाच्या साथींत महाराष्ट्रांत पुन्हा लागू झाला, आणि घरीं विलग राहावयास सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारण्याचा आदेश निघाला. नोंद वहींतून निघून कातडीवर आली. त्या दिवसांत शिक्का असलेल्या माणसास आगगाडींतून उतरविल्याच्या वार्ता आपण सर्वांनींच वाचल्या.

येथें कोणी विचारील कीं, आपण इतिहासाचे अभ्यासक पेशव्यांच्या दुखण्यांचा बारीकसारीक तपशील छापतों तें कसें? थोरल्या माधवराव पेशव्यांच्या राजयक्ष्म्याविषयींचीं पत्रें, थेऊर येथील १८ नोव्हेंबर १७७२ चा अंत, हें सर्व छापून झालें आहे व सरदेसायांनीं पेशवे दप्तराचे ४५ खंड काढले त्याबद्दल आपण त्यांचे ऋणीच आहोंत. प्रश्न योग्य आहे. पण राजाचें दुखणें हा राज्याचा प्रश्न असतो व तें गुप्त राखण्यास त्याच्यापाशीं कारभारी, हुजरे व चौक्या असतात. घुग्घुसच्या शेतमजुराच्या सुनेस असें कांहींच संरक्षण नव्हतें; तिच्यापाशीं ‘ताप’ एवढा एकच शब्द होता.

आतां या बुकांच्या दुसऱ्या जन्माकडे वळूं. देश स्वतंत्र झाल्यावर अनुसूचित जमातींच्या याद्या १९५० सालीं निघाल्या, इतर मागासवर्गांच्या १९६७ सालीं. आणि आपला पूर्वज त्या तारखेपूर्वीं कोणत्या जातीचा म्हणून नोंदला गेला होता, हें सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आला. जमिनीचे कागद ज्यांच्यापाशीं होते त्यांनीं ते आणले. ज्यांच्यापाशीं जमीन नव्हती त्यांस कोतवाल-बुक हाच आधार उरला. देवीच्या साथीचा हिशेब ठेवण्यासाठीं ज्या बुकांत जातीचा रकाना आंखला गेला होता, तें बुक अशा रीतीनें आरोग्यखात्याचें न राहतां जातपडताळणीचें झालें. रोगाचा रकाना कोणी वाचीनासें झालें. जातीचा रकाना भिंगाखालीं आला. विदर्भांत हळबा-कोष्टी, माना, गोवारी यांच्या दाव्यांनीं ही बुकें कित्येक वेळां न्यायालयांत नेलीं. सप्टेंबर २०२३ मध्यें कुणबी नोंदींच्या शोधासाठीं न्या. संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां जन्ममृत्यूचीं जुनीं दप्तरें पुन्हा उघडलीं गेलीं, मोडी वाचणारांस एकाएकीं मागणी आली, व जुन्या नोंदींच्या छायाप्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढविल्या गेल्या.

हा दुसरा विनियोग वाईट असें माझें म्हणणें नाहीं. ज्याच्या पणज्यास बाहेर उभें राहून लोकांच्या नोंदी लिहवून घ्याव्या लागल्या, त्याच्या पणतवास त्याच बुकांतून शिष्यवृत्ति मिळाली, तर त्यांत एक प्रकारचा न्यायच आहे. पण दोन गोष्टी घडल्या. पहिली, पानास मोल आलें, आणि मोल आल्याबरोबर खाडाखोड आली. वेगळ्या शाईनें वाढविलेलें अक्षर, दोन ओळींच्या मध्यें घुसडलेलें नांव, हे प्रकार तपासणी करणारांस नेहमींचे झाले आहेत. दुसरी गोष्ट अशी कीं, जातीसाठीं पान उघडलें म्हणजे शेजारचा रकानाही उघडतो. कोण कशानें मेलें, कोणाचें मूल कितव्या दिवशीं गेलें, कोणी विहीर जवळ केली, हें सारें जातीच्या दाखल्याबरोबर फुकट मिळतें.

या ठिकाणीं स्वतःची एक चूक सांगणें अवश्य आहे. कांहीं वर्षांपूर्वीं चांद्याकडील एका गांवचें असेंच एक बुक मला एका स्नेह्यांकडे पाहावयास मिळालें. मीं त्यांतील कांहीं पानें उतरून घेतलीं आणि एका लहानशा सभेंत वाचून दाखविलीं. साधनाची अस्सलता पटावी म्हणून नांवें गाळलीं नाहींत. गाळावींत असें सुचलेंही नाहीं. एका पानावर एका तरुण स्त्रीचा मृत्यु इजेच्या सदरांत होता व शेऱ्यांत विहिरीचा उल्लेख होता. सभा आटोपल्यावर एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. मला वाटलें, कांहीं शंका असेल. ते म्हणाले, “माह्या बापाची माय होय जी ते. आमच्या घरी तर तापानं गेली म्हणूनच सांगत.” एवढें बोलून त्यांनीं तें पान पुन्हा एकदां पाहावयास मागितलें, उभ्यानेंच वाचलें, आणि परत दिलें. त्यांनीं दोष दिला नाहीं. कुटुंबानें तीन पिढ्या जपलेला एक शब्द मीं एका संध्याकाळीं पुसून टाकला होता, व तो कोणत्या ज्ञानासाठीं, हें मला अद्याप सांगतां येत नाहीं.

तेव्हांपासून मी या प्रश्नाचा शोध घेऊं लागलों कीं, आजाराची नोंद घेण्याची याहून बरी रीत कोणीं घालून दिली आहे काय. ती शोधण्यास दूर जावें लागलें नाहीं. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चांदा (आतां चंद्रपूर) जिल्ह्याचें विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निराळा झाला; आणि १९८६ सालीं डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं तेथें ‘सर्च’ या संस्थेचें काम आरंभिलें. हा प्रदेश तोच, माणसें तींच, आणि कित्येक गांवीं कोतवालाचें बुक पूर्वीं फिरलें होतें तींच घरें.

त्यांचा आरंभ निर्दोष होता असें नाहीं, व तसें तेही म्हणत नाहींत. सुरुवातीस त्यांनीं सिकलसेल या रक्तदोषाचा शोध घेतला. हा विकार आईबापांकडून येतो. तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, व त्यांतून वेदना व रक्तक्षय उद्भवतो. लोकांचें रक्त तपासलें, दोष सांपडला, शास्त्रीय दृष्ट्या शोध मोलाचा ठरला. परंतु हा प्रश्न आदिवासींनीं मांडलेला नव्हता. तो संशोधकांस महत्त्वाचा वाटला होता. लोकांवर केलेलें संशोधन व लोकांबरोबर केलेलें संशोधन यांतील अंतर आपणांस येथें कळलें, अशी कबुली बंग यांनीं पुढें स्वतःच दिली आहे. संशोधकानें आपल्या यशस्वी शोधाविषयीं असें लिहावें, हें आपल्या क्षेत्रांतही फारसें घडत नाहीं. पुढें त्यांनीं दवाखाना कसा असावा हें लोकांसच विचारलें. त्यांतून मोठ्या इमारतीऐवजीं झोंपड्यांचा, नातेवाइकांस राहतां येईल असा, दंतेश्वरी देवीच्या नांवाचा दवाखाना उभा राहिला.

त्यानंतरचें काम स्त्रियांच्या आजारांचें. १४ जानेवारी १९८९ च्या लॅन्सेट या नियतकालिकांत तें प्रसिद्ध झालें. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली. शेंकडा ९२ स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि अशी तपासणी पूर्वीं कधींही झालेल्या स्त्रिया त्यांत शेंकडा ८ च होत्या. रोगाचा हा डोंगर तोंवर कोणत्याही सरकारी वहींत नव्हता, कारण अंगावरून पांढरें जाणें ही गोष्ट कोतवालास काय, नवऱ्यासही सांगावयाची नसते. ती सांगितली गेली याचें कारण, विचारणारी स्त्री होती, ती उंबरठ्याच्या आंत बसली होती, आणि सांगणारीच्या शब्दांत ऐकत होती. राणी बंग यांचें ‘कानोसा’ हें पुस्तक त्याच ऐकण्यांतून निघालें. ज्या स्त्रियांस रोग आढळला त्यांस उपचार मिळाले; आणि निष्कर्ष परदेशीं छापले गेले तसे गांवीं जत्रा भरवून लोकांस सांगितलेही गेले. नोंद जेथून निघाली तेथें ती परत आली. कोतवाल-बुकाच्या सबंध इतिहासांत ही एक गोष्ट घडली नव्हती. ठाण्यांत गेलेला आंकडा गांवीं कधींच परतला नाहीं.

तीं दोन खेडीं कोणतीं, हें छापील साहित्य शोधणारास सांपडेल. येथें मीं तीं दिलेलीं नाहींत. शंभरांत ९२ हें प्रमाण निघाल्यावर व्यक्तीचें नांव गाळून उपयोग नाहीं. गांवाचें नांव हेंच गांवच्या प्रत्येक स्त्रीचें नांव होऊन बसतें. आपल्या सनदांत व महजरांत स्थळाचा उल्लेख हा पुराव्याचा प्राण असतो. येथें तोच घातक ठरूं शकतो, हें मला पूर्वीं उमगलें नव्हतें.

तिसरें काम नवजात बालकांचें, व संपादनपद्धतीच्या दृष्टीनें तें आपल्या वाचकांस विशेष वाटेल. १९९३ पासून निवडलेल्या गांवांतील जन्म व बालमृत्यु दोन वाटांनीं नोंदले जात. गांवांतील नेमलेली व्यक्ति घटना घडतांच नोंद करी. आणि दर सहा महिन्यांनीं स्वतंत्र घरोघर पाहणी होई. दोन्ही नोंदी मग ताडून पाहिल्या जात. दोन पोथ्यांचा पाठ लावतांना आपण जी खबरदारी घेतों तीच ही. एका वहींत नाहीं व दुसरींत आहे असा मृत्यु सांपडला म्हणजे त्याचा माग काढावयाचा. याबरोबरच ३९ गांवांत शिकविलेल्या गांवच्याच स्त्रिया, म्हणजे आरोग्यदूत, घरीं जाऊन बाळ तपासूं लागल्या, वजन घेऊं लागल्या, जंतुदोष झाल्यास औषध देऊं लागल्या. डिसेंबर १९९९ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाले: त्या गांवांतील नवजात-मृत्यूचें प्रमाण दर हजारीं ६२ वरून सुमारें २५ वर आलें. या यशाचें श्रेय औषधास, शिक्षणास व सुईसही आहे; पण लिहिणारा हात व बाळ उचलणारा हात एकाच बाईचे होते, हेंही त्यांत आहे. तिला ‘ताप’ असें मोघम सांगून चालणार नव्हतें, कारण ती थर्मामीटर घेऊन आली होती, व सांगितल्याचें फळ त्याच खोलींत दिसत होतें.

यावर एक आक्षेप आहे व तो दडपून ठेवणें योग्य नाहीं. तुलनेसाठीं ४७ गांवें निराळीं ठेविलीं होतीं. तेथील जन्ममृत्यु मोजले गेले, सरकारी सेवा तेथें नेहमींप्रमाणें चालू होत्या, पण ही नवी सेवा नव्हती; आणि मृत्यूचें प्रमाण जवळजवळ पूर्वीइतकेंच राहिलें. त्या गांवच्या आयांनीं आपल्या मेलेल्या मुलांची नोंद दिली, तिचा लाभ प्रथम दुसऱ्यांस मिळाला. शास्त्राचे जाणते म्हणतात कीं, अशा तुलनेवांचून उपाय खरा कीं खोटा हें ठरत नाहीं, व तो न ठरतां सर्वत्र लागू करणें हाही अन्यायच. २०११ सालीं हीच पद्धति ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर घेतली गेली, ती त्या तुलनेच्या बळावर. हें खरें आहे. तरी त्या ४७ गांवांचें ऋण कोणत्या खात्यावर मांडावें, या प्रश्नाचें मला पटणारें उत्तर अजून मिळालेलें नाहीं.

सरकार व संशोधक यांचें सहकार्य कसें असावें, याचा धडा पुढील प्रकरणांत मिळतो. राज्यांतील स्वयंसेवी संस्थांनीं एकत्र येऊन आपापल्या गांवांत बालमृत्यु मोजले व २००१ सालीं ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. सरकारी वहींत नोंदलेल्या मृत्यूंहून प्रत्यक्ष मृत्यु पुष्कळच अधिक आहेत, असें त्यांत दाखविलें होतें. कारण शोधूं जातां तें पुन्हा जुनेंच निघतें: मृत्यु कळविणाऱ्या लहान नोकरासच जाब विचारला जातो, तेव्हां तो मृत्यु कळवीत नाहीं. कोतवाल गेला, परिचारिका आली, पण वर्दी देणारास धाक बाकी राहिला. शासनानें मात्र वाद न वाढवितां पुढें बालमृत्यूंच्या मूल्यमापनासाठीं समिति नेमली व तिचें अध्यक्षपद डॉ. अभय बंग यांसच दिलें. टीका करणाराच्या हातीं वही द्यावी, ही गोष्ट आपल्या कारभारांत विरळा.

आतां पुन्हा घुग्घुसकडे. तेथील लेण्यांकडे आतां कोणी क्वचित् जातो. गांव कोळसा, सिमेंट व लोखंड यांचें झालें आहे. २००९ सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें देशांतील औद्योगिक क्षेत्रांचे गुण काढले, त्यांत चंद्रपूर, ताडाळी, घुग्घुस व बल्लारपूर मिळून ८३.८८ हा अंक आला, व हें क्षेत्र अतिप्रदूषितांत गणलें गेलें. हवा मोजली गेली. त्या हवेंत श्वास घेणारांची नोंद कोठें आहे? ती आहे, पण विखुरलेली. १९५५ च्या खाण-नियमांप्रमाणें खाणकामगाराची छाती पांच-पांच वर्षांनीं तपासावी लागते, तो कागद खाणीच्या व्यवस्थेंत राहतो; सरकारी दवाखान्याचा कागद निराळा, खाजगी डॉक्टरचा निराळा, आणि खाणीबाहेर राहणाऱ्या बाईच्या खोकल्याचा कोणताच नाहीं. जुन्या बुकांत निदान ‘श्वसनाचे विकार’ हें एक सदर सबंध गांवासाठीं होतें. आज माहिती शेंकडोपट आहे, पण ती ज्याच्या छातीची आहे त्याच्या हातीं मिळून येत नाहीं, व ज्याच्या हातीं आहे त्यास ती इतरांच्या कागदांशीं ताडून पाहण्याची गरज वाटेलच असें नाहीं.

सिकलसेलचेंही तसेंच आहे. १ जुलै २०२३ पासून या रोगाच्या निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू आहे, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचा तिचा संकल्प आहे, व तपासलेल्यास त्याची स्थिति दर्शविणारें कार्ड दिलें जातें. विवाह जुळवितांना तें पाहावें, हा हेतु चांगला आहे. पण विवाह जुळवितांना पाहिला जाणारा कागद मुलीकडूनच आधीं मागितला जातो, हें आपल्या समाजांत कोणास सांगावयास नको. पत्रिकेंतील मंगळास शांति तरी करतां येते. या कार्डावरील अक्षरास ती नाहीं.

कायद्यानेंही २०२३ सालीं या प्रश्नाकडे दोनदां पाहिलें. जन्ममृत्यूच्या १९६९ च्या कायद्यांत दुरुस्ती होऊन ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलांत आली. तिनें सर्व नोंदींचा देशव्यापी संग्रह उभारला व तो मतदारयादी, शिधापत्रिका, पारपत्र इत्यादि कामांसाठीं वापरण्याची वाट मोकळी केली. म्हणजे कोतवाल-बुकाचें जें ओघानें झालें तें आतां योजनेनें होणार. परंतु त्याच दुरुस्तींत, मृत्यूच्या कारणाचा दाखला जवळच्या नातेवाइकासही द्यावा, असें कलम आहे. ‘ताप’ म्हणून सांगितलेलें खरें काय होतें, हें घरास कळण्याचा हक्क प्रथमच कागदावर आला. दुसरा कायदा वैयक्तिक डिजिटल माहितीच्या रक्षणाचा. त्यांत संशोधन व अभिलेख-जतन यांस सूट आहे. पण त्या माहितीवरून त्याच व्यक्तीविषयीं निर्णय घ्यावयाचा नसेल तरच. हा भेद मार्मिक आहे. कपाटांतील कागदास हा कायदा लागत नाहीं. मात्र आपण त्याची छायाप्रत करून संगणकावर चढविली, व त्यांत हयात माणसाचा मजकूर असला, तर तो लागूं शकतो, हें संग्राहकांनीं ध्यानीं घ्यावें.

कोतवाल-बुक ही खाजगी वस्तु नव्हे. तें सरकारी दप्तरांतून निघालेलें असतें व त्याचें स्थान अभिलेखागारांत आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेखांचा कायदाही २००५ चा आहे. तें विकत घेणें म्हणजे खाडाखोडीच्या धंद्यास भांडवल पुरविणें होय, मग घेणाराचा हेतु कितीही शुद्ध असो. तें वाचावें, वर्षवार व सदरवार बेरजा काढाव्या, साथींचे व दुष्काळांचे मार्ग त्यांवरून रेखाटावे. हें काम फार थोडें झालें आहे व तें होणें अगत्याचें आहे. कोणी वंशज आपल्या माणसाची नोंद मागूं आला तर ती त्यास एकट्यास दाखवावी. कारणाच्या रकान्यासह नांवें छापण्याचें मात्र, निदान शंभर वर्षें उलटेपर्यंत, कारण दिसत नाहीं. शंभर हा आंकडाही मीं अंदाजानेंच घेतला आहे. वर सांगितलेल्या वृद्ध गृहस्थांच्या घरीं तो पुरला असता कीं नाहीं, न कळे.

ज्या स्नेह्यांकडे तें बुक होतें त्यांनीं तें जिल्ह्याच्या अभिलेख-कक्षांत जमा करण्याचें मान्य केलें आहे. मीं उतरून घेतलेलीं पानें त्या वृद्ध गृहस्थांकडे पोंचविलीं. त्यांनीं दोन दिवसांनीं तीं परत धाडलीं. बरोबर एका चिठ्ठीवर आजीचें नांव व माहेरचें गांव लिहिलें होतें, कारण बुकांत तिची नोंद केवळ अमक्याची बायको अशी होती. हें नांव येथें देत नाहीं. तें बुकाच्या मुखपृष्ठाच्या आंत ठेवण्यासाठीं मीं स्नेह्यांच्या स्वाधीन केलें आहे. बुकांतील मृत्यूंचा सदरवार तक्ता तयार होत आहे, तो पुढील अंकीं सादर करण्याचा विचार आहे.